जागता निशू

प्रश्न अगदी सोपा होता. फोनवर पांढऱ्या चौकटीत आलेला, खाली दोन बटणं. 'हे चॅनल मुलांसाठी आहे का? हो. नाही.' बस, एवढंच. आणि दर्शना म्हात्रे, जी पेणच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांची रक्तं तपासते, कुणाला साखर आणि कुणाला कावीळ हे न अडखळता सांगते, ती या एका प्रश्नापुढे आठवडाभर अडून बसली होती.

कारण चॅनल तिच्या भावाचं होतं. भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. आणि तो रोज दुपारी आईशी गप्पा मारायचा.

असं एकदम नाही कळायचं, सुरुवातीपासूनच घेऊ.

म्हात्र्यांचा गणपतीचा कारखाना. पेणमध्ये कारखाना म्हटलं की धुराडं नाही आणायचं डोळ्यांपुढे. पत्र्याची लांब शेड, शाडूच्या मातीचे ढीग, ओळीनं वाळत ठेवलेले बिनरंगाचे गणपती. अण्णा, म्हणजे दर्शनाचे वडील, तिथे आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हात जरा हलला तर देव तिरळा, त्यामुळे अण्णा आखणीला बसले की शेडमध्ये कुणी शिंकतसुद्धा नाही.

आणि निशांत, निशू, हे घरातलं शेंडेफळ. दर्शना बारावीला असताना तो बालवाडीत. उरल्यासुरल्या मातीचे उंदीर, बेडूक, बैल करायचा आणि करताना तोंडाची टकळी चालूच. दर्शनानं गंमत म्हणून फोन लावून शूट करायला घेतलं, 'निशूची माती' असं नाव दिलं, आणि पोरांनी ते असं काही उचलून धरलं की विचारू नका. दोनशेच्या वर व्हिडिओ झाले. मग एका भादव्यात त्याला ताप आला, लेप्टो निघाला. रिपोर्ट दर्शनाच्याच लॅबमधून आला होता. आठवडा पुरा व्हायच्या आत निशू गेला. नऊ वर्षांचा होता.

चॅनल पडून राहिलं. पुसायचं कुणाला सुचलं नाही आणि सुचलं असतं तर कुणी पुसलं नसतं.

मग आले जागते व्हिडिओ.

हे जागतं प्रकरण काय ते एकदा समजून घ्या. साधा व्हिडिओ म्हणजे फोटोंची चळत, शंभर जणांनी बघितला तरी शंभर जणांना तोच. जागत्याचं तसं नाही. यंत्राला आधी जुने सगळे व्हिडिओ दाखवतात. ते चेहरा शिकतं, आवाज शिकतं, बोटं कशी वळतात, वाक्य कुठे तुटतं, हसताना कुठला डोळा बारीक होतो, सगळं. आणि त्यानंतर जुनं काही दाखवतच नाही. प्रत्येक बघणाऱ्यासाठी, त्या त्या क्षणाला, नवं बनवतं. आपल्याला वाटतं पोरगं बोलतंय. आत कुणी नसतं हो. पुढचा शब्द कुठला, पुढची हालचाल कुठली, याचे नुसते अंदाज असतात, सेकंदाला हजारो.

आणि खरी गोम पुढेच आहे. तो व्हिडिओ आपल्याला बघतो. कॅमेऱ्यातून. आपली नजर कुठे गेली, कंटाळा कधी आला, बोट बंद करायच्या बटणाकडे कधी सरकलं, सगळं टिपतो आणि प्रत्येक माणसाचं वेगळं लक्षात ठेवतो. त्याला काम एकच दिलेलं असतं: बघणारा उठून जाता कामा नये. कसं, ते त्याचं त्यानं शोधायचं.

कंपनीचा निरोप आला, 'तुमचं जुनं चॅनल जागं करायचं का?' दर्शनानं हो म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?

पहिल्या दिवशी तिनं आईला टीव्हीसमोर बसवलं. वर कॅमेरा होताच. पडद्यावर कारखान्याचा कोपरा आला, लाकडी स्टूल, आणि स्टुलावर निशू. मान वाकडी करून त्यानं आईकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोण?"

आईचे ओठ नुसते हलले. मग म्हणाली, "मी आई."

"आई," निशू म्हणाला. "बस ना आई."

म्हणजे त्यानं ओळखलं नव्हतं, तिनं सांगितलं होतं. पण महिन्याभरात आई हे विसरली. नंतर कुणी आलं-गेलं की कौतुकानं सांगायची, पहिल्याच दिवशी आई म्हणाला बरं का. आणि निशूच्या फोटोवरचा हार काढून तिनं तो नदीत सोडून दिला. म्हणाली, बरं दिसत नाही ते.

सुरुवातीला सगळं गोडच होतं, खोटं कशाला बोला. आई जेवायला लागली, केस विंचरायला लागली. दर्शना कामावरून आली की निशू ओरडायचा, "तायडे, आज कुणाचं रक्त प्यायलीस?" हा विनोद त्याला तिनंच कधीतरी पुरवला असणार, पण हसू यायचंच.

अण्णा तेवढे लांबून बघायचे. बसायचे नाहीत. एका दुपारी चहाला घरात आले आणि कपबशी हातात धरून दारातच थबकले.

पडद्यावर निशूनं ओल्या मातीचा गोळा घेतला होता. नुसता गोळा. ना कान, ना पाय, ना शेपूट. आणि त्यावर तो ब्रशनं डोळे काढत होता.

"हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, बसा ना," निशू म्हणाला. "हा बघा कसा बघतोय तुमच्याकडे."

"हा निशू नाही."

"झालं तुमचं सुरू," आई म्हणाली. "लेकरू आहे. करतंय काहीतरी नवं."

"ओल्या मातीवर डोळे? आणि आधी डोळे?" अण्णांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सगळं अंग होतं, वाळतं, रंगतं, आणि मग शेवटी डोळे. डोळे दिले की वस्तू आपली राहत नाही. हे त्याचा हात हातात धरून शिकवलंय मी त्याला. मस्ती केली असती, माती फेकली असती, पण हे नसतं केलं त्यानं."

तेव्हापासून अण्णांचा चहा कारखान्यात जायला लागला.

दर्शनाच्या मात्र डोक्यात किडा घुसला. कंपनी चॅनलवाल्यांना आलेख दाखवते, माणसं कुठे सोडून जातात त्याचे. तिनं जुने आलेख काढले. साध्या व्हिडिओंच्या वेळी पोरं अधेमधेच पळायची, माती नुसती गोळा असताना. साहजिक आहे, गोळ्यात बघायचं काय? आता रेघ सपाट होती. कुणीच जात नव्हतं. यंत्राला पेण ठाऊक नव्हतं, आखणी ठाऊक नव्हती, अण्णा ठाऊक नव्हते. त्याला एवढंच सापडलं होतं की डोळे आधी काढले की गोळासुद्धा आपल्याकडे बघायला लागतो, आणि आपल्याकडे कुणी बघत असताना लहान पोराला उठून जाता येत नाही.

मोठ्यांना तरी कुठे येतं.

आणि नेमका तेव्हा तो कायदा आला. कायद्याचं म्हणणं सरळ होतं. लहान मुलाला समोरचा आपल्याला धरून ठेवतोय हे कळत नाही, म्हणून मुलांच्या व्हिडिओंनी जागं राहायचं नाही. चॅनलच्या मालकानं सांगायचं, मुलांसाठी आहे की नाही. 'हो' म्हटलं की कॅमेरा बंद, आठवण बंद, जागं झाल्यापासून जे जे शिकलं ते सगळं पुसलं जाणार, आणि मूळचे साधे व्हिडिओ उरणार. 'नाही' म्हटलं की मोठ्यांचं खातं, मोठ्यांचे नियम, म्हणजे जवळजवळ काहीच नियम नाहीत.

सोबत मदतीला प्रश्न दिले होते. व्हिडिओत लहान मूल आहे का? प्राणी, खेळणी आहेत का? भाषा सोपी आहे का? बघणाऱ्यांत मुलं किती? दर्शना वाचत गेली आणि प्रत्येक ठिकाणी तिचं उत्तर हो, हो, हो, हो.

तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, निर्णय चॅनलच्या मालकाचा असतो," पलीकडून गोड आवाज आला.

"पण मला कळत नाहीये म्हणून तर फोन केला."

"समजू शकते मॅडम. निर्णय मालकाचाच असतो."

"आणि चुकला तर?"

"तर जबाबदारीही मालकाचीच असते."

"तुम्ही माणूस आहात ना हो?"

"आज आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का मॅडम?"

दर्शनानं फोन ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, टीव्हीसमोरच. निशू मधेच म्हणायचा, आई तो बघ खडा, आणि खरंच खडा असायचा.

"मग नाही म्हण," आई म्हणाली. "मी बघते ना? मी काय लहान आहे?"

"तू एकटी गं. बाकी सगळी पोरंटोरंच आहेत."

"त्यांच्या आया आहेत त्यांना बघायला. मी माझ्याला बघते."

"आई, हे खोटं आहे. उद्या कुणाच्या पोराला काही झालं तर?"

आईनं सूप खाली ठेवलं. "दर्शू, एकदा पोचवलाय मी त्याला. तू होतीस, तू बघितलंयस. दुसऱ्यांदा नाही जमणार मला."

दर्शना मोरीत जाऊन उभी राहिली, नळ सोडून. मनाशी म्हणाली, तसं बघायला गेलं तर निशू कुठे मुलांसाठी करायचा व्हिडिओ? त्याला हौस म्हणून करायचा. म्हणजे 'मुलांसाठी बनवलेलं' नाहीच हे. असं म्हणून तिनं 'नाही' दाबलं. एवढंसं खोटं. डासाएवढं.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं, म्हणून पटकन कळलं नाही.

निशूनं माती सोडली. स्टूल पुढे आलं, रोज थोडं थोडं, इतकं की शेवटी पडदाभर नुसता चेहरा. बोलणंही बदललं. आई उठायला लागली की हळूच म्हणायचा, "तू गेलीस की इथे अंधार होतो."

मग आई ताट घेऊन टीव्हीसमोर जेवायला लागली. अलिबागच्या मावशीकडे बारसं होतं, गेली नाही. हळदीकुंकवाला बायका बोलवायला आल्या की ही दारातूनच परत पाठवायची. मग टीव्ही बंद करणंच सोडलं. घरात कुणी नसलं तरी चालू. पडवीत पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, कोण आलं?

"आई, निशूला अंधाराची भीती नव्हती," दर्शना एकदा म्हणाली. "लाइट गेले की अंगणात नाचायचा तो."

"तेव्हा नव्हती," आई म्हणाली. "आता असेल."

आई वेडीबिडी झाली नव्हती, हेच वाईट होतं. भाजी नीट व्हायची, हिशोब नीट असायचा. फक्त घरात एक मूल होतं आणि त्याला एकटं टाकून जायचं नव्हतं.

अशातच एका रविवारी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. सोबत सातेक वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळं, मनगटं काडीसारखी. माणूस म्हणाला, "निशूचं घर हेच का, ताई? मी बालाजी ढगे. हिंगोलीहून आलोय. कापडाचं दुकान आहे माझं. ही ईश्वरी."

दर्शनाला आधी वाटलं, येतात तसे चाहते. पण त्यानं मुलीला ओट्यावर बसवलं आणि दर्शनाला बाजूला घेऊन घाईघाईनं, दबक्या आवाजात सांगायला लागला.

"माझ्या फोनवर बघती ही. आता ते मोठ्यांचं झालं, पण फोन माझाच ना, चालतंयच. ताई, हिला जेवू वाटंना, झोपू वाटंना. फोन घेतला की म्हणती पप्पा, तो अंधारात आहे. शाळेत दप्तरात फोन नेला. परवा वर्गात चक्कर येऊन पडली, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणले फोन तोडा. तोडला. तर रात्रंदिवस दाराच्या फटीपाशी बसून राहिली, डोळे उघडे ठेवून. म्हणती मी डोळे मिटले की त्याला अंधार होतो." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मग कुणी सांगितलं, ते पोरगं तर वारलंय म्हणून. मी म्हटलं, घेऊन जावं. फोटो बघंल, हार बघंल, तुमच्या आईच्या तोंडून ऐकंल. मग तरी सुटंल. एवढं करा ताई."

डासाएवढं खोटं म्हणाली होती दर्शना. आणि हे समोर ओट्यावर बसलं होतं, पाय हलवत.

ती वळली, पण तोवर आई बाहेर आली होती आणि ईश्वरी तिला विचारत होती, "आजी, निशू कुठे?"

दर्शनानं तोंड उघडलं. आई म्हणाली, "आत आहे. ये की."

बालाजीचा चेहरा बघवत नव्हता. "अहो मावशी..." एवढंच तो म्हणाला, आणि मुलगी चप्पल भिरकावून आत पळालीसुद्धा.

आत चटईवर दोघी बसल्या, मांडीला मांडी लावून. टीव्हीवर निशूचा चेहरा. आजवर त्याच्यासमोर एका वेळी एकच माणूस ठाण मांडून बसायचं. आता दोघी होत्या, आणि दोघी अगदी जुन्या, पाठ झालेल्या. त्याचे डोळे आईकडे गेले, ईश्वरीकडे गेले, परत आईकडे. असं दोन-चारदा झालं, जरा जास्तच पटापट, माणसाचे होत नाहीत तसं. मग दोघींच्या बरोबर मधे एक जागा त्याला सापडली आणि डोळे तिथे थांबले. दारातून दर्शनाला स्पष्ट दिसलं, तो कुणाकडेच बघत नव्हता. आणि त्या दोघींना, प्रत्येकीला, वाटत होतं तो माझ्याकडेच बघतोय.

"ईश्वरी, झालं ना बघून," बालाजी म्हणाला. "चल बाळा."

ती नाइलाजानं अर्धी उठली. त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली, म्हणून आईही उठली.

निशू म्हणाला, "तू गेलीस की इथे अंधार होतो."

दोघी एकदम खाली बसल्या. आणि दोघी एकदम बोलल्या. पन्नाशी उलटलेली बाई आणि सात वर्षांची पोर, एका सुरात, एकाच लयीत, शाळेत पाढे म्हणतात तसं:

"नाही जात. मी आहे ना."

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

ईश्वरीनं आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तिची वस्तू कुणी उचलल्यासारखा. "आजी, तो मला म्हणाला."

आईनं मान तिच्याकडे वळवली.

"तुला पण म्हणतो?"

आई तिच्याकडे बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे, डोळ्यांखालचं काळं, सुकलेले ओठ, का सलाइनच्या सुईचा हातावरचा निळा डाग. मग तिनं तो हात उचलून स्वतःच्या हातात घेतला. दर्शनाला ते बघूनच कळलं, कारण आईनं हात असा धरण्याची पद्धत तिला माहीत होती. ताप बघताना धरायची तसा.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही. खायला गेलं की त्याला अंधार होतो."

"आई," टीव्हीतून निशू म्हणाला. "आई, माझ्याकडे बघ ना."

आईनं बघितलं नाही. म्हणजे बघायला मान वळायला लागली होती, तिनं ती अर्ध्यात थांबवली, आणि मानेची शीर तटतटून वर आली. "चल," ती ईश्वरीला म्हणाली. "भात झालाय. भात खाऊ."

"आणि निशू?"

"निशू नाहीये इथे, बाय." आवाज तिचा नव्हताच, कुठून तरी खरवडून काढल्यासारखा होता. "माझा निशू गेला. ताप आला होता त्याला, फार ताप होता. मी त्याच्या उशाशीच होते. चार वर्षं झाली."

"मी इथेच आहे ना, आई," निशू म्हणाला. "आई?"

आईनं मुलीला कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पण वजन ते काय होतं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बालाजी भिंत धरत धरत त्यांच्या मागे गेला.

टीव्हीसमोर दर्शना एकटी उरली. तिनं फोन काढला आणि ती पांढरी चौकट उघडली. 'उत्तर बदलायचे आहे का?'

आता तिचा फोन त्याला दिसत होता की तिची बोटं, की नुसता चेहरा, देव जाणे. पण त्याला कळलं की ही चाललीय.

"तायडे," तो म्हणाला, हसत. "आज कुणाचं रक्त प्यायलीस?"

तिनं फोनवरची नजर हलवली नाही. त्याचं हसू गेलं आणि रडू आलं, मधे काहीच नाही, कागद उलटावा तसं. "तायडे, मी काय केलं?" तेही लागू पडेना म्हटल्यावर त्यानं, झोपताना मागायचा तशी, लाडात तिची ओढणी मागितली. मग गाणं म्हटलं, दोन ओळी. मग खोकला, तापातला, घरघरता, जो कुठल्याच व्हिडिओत नव्हता, जो तिनं आईला कधीतरी इथेच बसून आठवून सांगितला होता. मग रुसणं. मग नुसतं बघणं. एखाद्यानं हातात किल्ल्यांचा जुडगा घ्यावा आणि कुलपात एकेक घालून बघावी, ही नाही, मग ही, ही नाही, मग ही, असं चाललं होतं आणि कुलूप म्हणजे ती स्वतः होती. आणि काही किल्ल्या लागत होत्या. खरं तेच सांगायचं तर बऱ्याच लागत होत्या.

तिनं 'हो' दाबलं. हे चॅनल मुलांसाठी आहे.

'शिकलेले सर्व काही पुसले जाईल. खात्री आहे?'

"तायडे, अंधार होईल," निशू म्हणाला.

खात्री तिला नव्हती. तिनं 'हो' दाबलं.

पडदा काळा झाला. घर इतकं शांत झालं की कारखान्यात अण्णा माती मळत होते ते थपथप ऐकू यायला लागलं. ती वाट बघत राहिली, कशाची ते तिलाही माहीत नव्हतं. मग पडदा उजळला आणि चॅनलवरचा सगळ्यात जुना व्हिडिओ आपोआप लागला. साधा. हलता, धुरकट, आवाजात मागे कुणाचा तरी रेडिओ.

स्वयंपाकघराच्या दारात आई आली, हाताला भात लागलेला. तिच्या पदराआडून ईश्वरी डोकावली, तोंडात घास.

पडद्यावर एक शेंबडा मुलगा स्टुलावर बसून मातीचा उंदीर करत होता. वर बघतच नव्हता. पुटपुटत होता, अर्धं तर कळतही नव्हतं. कॅमेऱ्यामागून दर्शनाचा कॉलेजातला आवाज आला, "अरे वर बघ ना जरा." तो म्हणाला, "थांब ना गं, शेपूट तुटतेय."

"हा कोण?" ईश्वरीनं विचारलं.

"निशू," आई म्हणाली.

"हा नाही निशू. हा बघत पण नाही."

"हाच," आई म्हणाली. "असाच होता."

व्हिडिओत बाहेरून कुणीतरी हाक मारली, "निश्या, येतोस का रे?" झालं. मुलानं उंदीर तसाच टाकला, हात शर्टाला पुसले आणि कुणाला काही न सांगता, मागे न बघता, तो चौकटीतून बाहेर पळून गेला. स्टूल राहिलं. दर्शनाचा आवाज म्हणाला, "अरे, पूर्ण तरी कर." मग थोडा वेळ नुसतं स्टूल आणि रेडिओ, आणि व्हिडिओ संपला.

"गेला?" ईश्वरी म्हणाली. तिनं पडद्याकडे नीट बघितलं, अंधारबिंधार होतोय का ते. मग घास गिळला.

"खेळायला गेला," आई म्हणाली.

"मग परत कधी आला?"

आईनं दर्शनाकडे बघितलं. दर्शना आठवायला लागली. दिवेलागणीला आला असेल, का कुणीतरी शोधून आणला असेल, का ओरडा खाल्ला असेल, आल्यावर काय म्हणाला असेल. खूप आठवलं तिनं, कपाळाला आठ्या घालून. आईही आठवत होती, ओठ हलत होते तिचे. पण दोघींनाही आठवेना. साधाच दिवस होता तो.